ओली रेघ

“आत्या, मेलेल्या माणसाने काही लिहिलं, तर तुझ्या मशीनला कळेल?”

हा प्रश्न विचारायची पैज आम्ही मैत्रिणींनीच लावली होती. म्हणून आधीच सांगून टाकते, पुढचं अक्षरन् अक्षर खरं आहे. आणि त्यातलं थोडं पाप आमच्या माथी आहे.

जिने तो प्रश्न विचारला, तिला आम्ही टकळी म्हणतो. तोंड मिटलं तर आजारी पडेल अशी पोरगी. त्या दिवशी मात्र...

असो.

रात्र वगैरे नव्हती. शनिवार. दुपारचे पावणेचार. टकळीची आत्या सरकारी प्रयोगशाळेत कागदांवरची शाई तपासते. टकळी महिनाभर तिच्या मागे लागली होती, “एकदाच ने ना गं!” शेवटी आत्या कंटाळली आणि तिला आत घेऊन गेली.

तिथे एक नियम आहे. खोलीत पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. टकळीने आपलं पेन दाराशी ट्रेमध्ये टाकलं.

“मेलेल्यांना पेन कोण देणार, बाई?” आत्या हसली. “हातांवर बस. तुझ्या हातांना फार खाज असते.”

टकळी तळहात मांड्यांखाली दाबून बसली.

कॅमेऱ्याखाली एक पत्र होतं. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या एका बाईचं. शेवटची ओळ होती, ‘यात कोणाचा दोष नाही.’

आत्याने एक बटण दाबलं. पडद्यावरची अक्षरं विरघळल्यासारखी नाहीशी झाली. कोरा पांढरा कागद उरला.

“या उजेडात तिच्या पेनची शाई दिसतच नाही. शेवटची ओळ दुसऱ्या कोणी, दुसऱ्या पेनाने घुसडली असती, तर ती एकटी उरली असती. गेली ना सगळ्यांबरोबर? म्हणजे शाई तिची. अक्षरही तिचं. सोमवारी कोर्टात मी हेच सांगणार, आणि तिला मारल्याचा आरोप असलेला तिचा नवरा सुटणार.”

“आणि लिहिताना तिचं मनगट कोणी धरलं असेल तर?”

आत्याने पडद्यावरच्या कोऱ्या कागदाकडे पाहिलं.

“ते शाईत दिसत नाही गं.”

बाहेरच्या बाकावर त्या बाईची आई बसली होती. दर शनिवारी यायची. आत्या तिच्याशी बोलायला गेली.

टकळी एकटी.

मशीनची घरघर चालू होती...

मग थांबली.

आणि... खर्र... खर्र...

कागदावर पेन टेकवून, जोर देऊन ओढल्याचा आवाज.

टकळीने पडद्याकडे पाहिलं. कोऱ्या पांढऱ्यावर एक रेघ उमटत होती. हळूहळू. डावीकडून उजवीकडे.

ओरडायला तिने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. आमच्या टकळीला!

रेघ कडेपर्यंत गेली. थांबली. मशीन पुन्हा घरघरू लागलं.

आत्या आली, आणि दारातच थिजली.

पत्रातली शेवटची ओळ खोडलेली होती. एका सरळ रेघेने.

“हात दाखव.”

टकळीने हात काढले. वळ उठलेले, पण स्वच्छ.

आत्याने पोकळ सुईने त्या रेघेतून खसखशीएवढी टिकली कापली. तपासली. पुन्हा तपासली. तासाभराने ती स्टूल ओढून टकळीसमोर बसली.

“शाई तिच्याच पेनची आहे. पण ताजी. शाई वरून मिनिटात वाळते, आतून वाळायला दीड-दोन वर्षं लागतात. ही आजची आहे. आणि आजची असो की कालची, त्या उजेडात ती दिसायलाच नको होती.”

त्या बाईचं पेन कपाटात होतं. सीलबंद पिशवीत. सील जसंच्या तसं.

पिशवीला आतून मात्र शाईचा ओला फराटा होता...

“तुला आत आणलं, हीच माझी घोडचूक,” आत्या पुटपुटली. “पत्र माझ्या ताब्यात होतं. वीस वर्षांची नोकरी जाईल. सकाळचा फोटो आहे, रेघ नसलेला. तो दिला की झालं. रेघ तपासणीत पडली म्हणेन. तू काही पाहिलं नाहीस. कळलं?”

टकळीने मान डोलावली.

बाहेर पडताना बाकावरच्या आईने तिचा हात धरला. नुसता धरला.

घरी जेवायला बसल्यावर टकळीला दिसलं... मधल्या बोटावर, पेन टेकतं तिथे, निळा डाग.

तीनदा साबण लावला. डाग ओलाच.

तिने मला तो सोमवारी सकाळी माझ्या घरी येऊन दाखवला. मी बोट लावलं. माझंही बोट निळं झालं. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, पण ते अजून वाळलेलं नाही.

त्या शनिवारी मात्र तिची आई म्हणाली, “अगं, आज मुकी झालीस की काय?”

टकळीने ताट सरकवलं. डाग वर करून हात टेबलावर ठेवला.

“आई, बाबा, सोमवारी मी शाळेला दांडी मारणार आहे. आत्याबरोबर कोर्टात जाणार आहे. फोटो देऊन ती गप्प बसली, तर मी उठून सांगणार. ती रेघ माझ्यासमोर ओढली गेली. कोणी ओढली ते मला माहीत नाही. पण ओढताना माझा हात दुखत होता.”