भिंतीपलीकडची जया

दोष शरदच्या बापाचा होता. नंतर सगळे विहिरीला नावं ठेवत, नशिबाला ठेवत. पण शरदच्या बहिणीला, जयाला, चर्चच्या कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरायचं, हे पंचांपुढे मांडलं ते मार्तंडरावांनी, तिच्या सख्ख्या बापानं. घरच्या पोरीला सूट दिली असं कोणी म्हणू नये म्हणून! जया विहिरीत सापडली तेव्हा काठावर बादली होती, दोर ओला होता. पाणी ओढताना पाय घसरला असेल, एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही. चहा निवायच्या आत ठरलं, पोरीनं जीव दिला, तिला आत जागा नाही.

शरदनं कॉलेज सोडलं, चर्चही सोडलं. आई, प्रेमलता, चर्चला जात राहिली, पण तिचे ओठ हलायचे थांबले. घरी भाकरी थापता थापता एकच विचारायची, "माही जया देवाजवळ असंन का रे?"

शरद चुलीत लाकूड सारत राहायचा.

ईस्टरला उजाडायच्या आत सगळी मंडळी कबरस्तानात जमायची. आदल्या दिवशी चुना दिलेल्या कबरी, प्रत्येकीवर मेणबत्ती. त्या वर्षी आईला धरून न्यायचं म्हणून शरद गेला.

"मेणबत्ती घे," मार्तंडराव पुटपुटले. "लोक पाहून राहिले."

"पाहू द्या. लोकांसाठीच तं बाहेर पुरली ना तुम्ही तिले."

"चूप राय."

कामठी रोडवरून संत्र्यांचा ट्रक गेला, त्याची घरघर विरली, आणि मग कुत्रंही भुंकेना. कुठूनसा गारवा आला. एप्रिलात! त्याला वास होता, खोल विहिरीतल्या शेवाळाचा. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी साऱ्या ज्योती हळूहळू भिंतीकडे कलल्या.

पाद्रीसाहेबांनी हात उंचावला. "ख्रिस्त उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" सगळे एका सुरात.

मग भिंतीपलीकडून, एकटाच आवाज... "खरोखर... उठला आहे..."

चर्चमध्ये उत्तर देताना जया नेहमी अशीच मागं राहायची. पेटी वाजवणाऱ्या गोपिकाबाई टोमणा मारायच्या, "तू सावकाश ये वं जया, आम्ही आमेन म्हणून घरी जातो!" त्याच गोपिकाबाईंनी आता पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

पाद्रीसाहेबांचा आवाज चिरकला. "ख्रिस्त... उठला आहे..."

कोणीच उत्तर दिलं नाही. भिंतीनं दिलं. या वेळी अगदी जवळून, विटांना ओठ लावून बोलावं तसं.

शरदच्या दंडाला धरून उभी असलेली आई हसली. रडता रडता हसली. "आजही उशीर केला ना बाई," ती म्हणाली, आणि तिचे ओठ प्रार्थनेला हलू लागले.

तेव्हा शरदला कळलं. हाक जयापर्यंत पोचली होती. पंचांना न विचारता पोचली होती.

ही हाक तीनदा द्यायची रीत. पाद्रीसाहेबांच्या तोंडून शब्द फुटेना. मग शरदच ओरडला, छाती फाटेस्तोवर, "ख्रिस्त उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" जया. साऱ्यांच्या आधी.

कबर खोदणाऱ्याची सब्बल, जड लोखंडी पहार, झाडाला टेकवलेली होती. शरदनं ती उचलली.

"एका विटेले जरी हात लावशीन," मार्तंडराव म्हणाले, "तं घरात पाय ठेवू नको."

"नाही ठेवत, बाबा."

त्यानं घाव घातला. पंच नुसते बघत राहिले. ठराव करायचं कोणाला सुचलं नाही. आई जाऊ शकेल एवढं भगदाड पडलं. तिनं आपली मेणबत्ती नेऊन जयाच्या मातीत रोवली.

उजाडल्यावर शरदनं पडलेल्या विटा उलटून पाहिल्या. आतल्या बाजूला कोरडा चुना. बाहेरच्या बाजूला ओलं, हिरवं शेवाळ, आणि त्यात दोन तळव्यांचे ठसे... कोणी बरेच दिवस भिंतीला टेकून ऐकत उभं असावं तसे.

शरद त्या घरात परत गेला नाही. बाप वारला तेव्हा खांदा द्यायलाही त्याला कोणी बोलावलं नाही.