धुळीला दिलेला पत्ता

शहात्तर सालच्या हिवाळ्यात नानासो कराडहून लेसरचं यंत्र घेऊन म्हसवडच्या पुढच्या माळावर आले, ते निव्वळ हवेतली धूळ मोजायला. दिवस मावळून अंधारलं की यंत्रातून तांबड्या उजेडाचा एकेक झोत सुटायचा. धुळीवर आपटून त्यातला चिमूटभर उजेड माघारी यायचा आणि पडद्यावरच्या हिरव्या रेघेवर उंचवटा उठायचा. तो कुठं उठला त्यावरून धूळ किती लांब आहे ते कळे. नानासो खुशीत असत. ह्या रेघेत दिसत नाही ते जगातच नाही, असं ते चहा पिता पिता बिनधास्त सांगत.

स्वयंपाकाला सुलाबाई होती. माळावर तिचं एकच घर. दुष्काळात तिचा नवरा अर्जुना मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरला, तिथं एका रात्री नदी चढली. मेंढरं मेलेली सापडली, अर्जुना काही सापडला नाही. सुलाबाई कपाळभर कुंकू लावून मजेत वाट बघत होती. आता तिचा धाकटा भाऊ नाथाजी तिला कायमचं तासगावला न्यायला आला होता. तिथं द्राक्षबागेत काम होतं, म्हातारी आई होती. पण सुलाबाई घर सोडायला तयार नव्हती.

"आन ह्ये आलं, दाराला कुलूप बघून माघारी गेलं, तर? कुटं हुडकायचं त्यांनी मला?" ती म्हणे. ह्यापुढं नाथाजीची मात्रा चालत नसे.

त्या संध्याकाळी वारा अगदी पडला होता. नानासोंनी यंत्राचं तोंड आडवं केलं, माळाच्या अंगानं. पहिल्याच झोताला भलामोठा उंचवटा उठला.

"नाथाजी, मेंढरं कुणाची रे येतायत?"

"मेंढरं? दुष्काळापासनं हितं एक शेपूट न्हाई दिसलं, सायेब."

"मग एवढी धूळ कोण उडवतंय? मैलभर लांब आहे."

दुसरा झोत सोडला. धूळ अर्ध्या मैलावर आली होती. नानासोंनी बॅटरी मारली. उजेडात नुसता मोकळा माळ.

"लाजरी दिसतात तुमची मेंढरं," ते हसून म्हणाले, पण हसू काही जमलं नाही.

मग वास आला. भिजल्या लोकरीचा, नदीच्या गाळाचा... त्या वाळक्या माळावर. उंचवटा सरकत सरकत रेघेच्या टोकाला, म्हणजे अगदी यंत्राच्या तोंडाशी येऊन थांबला. नानासोंच्या दाताखाली धूळ कचकचली. नाथाजीनं त्यांचा दंड गच्च धरला.

पिठाचे हात घेऊन सुलाबाई बाहेर आली. तिला बिलकुल भीती वाटली नाही. उलट तिच्या तोंडावर आनंद फुलला.

"आवं, किती उशीर..." ती अंधाराला म्हणाली. "ऐका. म्या उद्या तासगावला चालले, नाथाकडं. इट्याच्या रस्त्यानं जावा. मारुतीच्या देवळामागं, निळं दार. तुमी म्होरं जाऊन बसा, म्या येतेच."

घटकाभर काहीच हललं नाही. मग वास विरत गेला.

"चल रं नाथा, गाठोडं बांधू," सुलाबाई म्हणाली. "सांगितलंय त्यास्नी. आता कसली काळजी न्हाई." आणि गाणं गुणगुणत आत गेली. इतकी हलकी ती कित्येक वर्षांत झाली नव्हती, आणि ते बघून नानासोंनाही क्षणभर बरंच वाटलं.

त्यांनी यंत्र दक्षिणेकडं वळवलं. उंचवटा होता. प्रत्येक झोतागणिक तो लांब जात होता.

"सायेब... कुटं चाललंय ते?"

"विट्याच्या रस्त्याला लागलंय."

आणखी एक झोत. रेघ सपाट. धूळ यंत्राच्या टप्प्याबाहेर गेली होती.

नाथाजी त्या रस्त्याच्या दिशेनं दोन पावलं धावला आणि माघारी वळला.

"घरी आय एकलीच हाय, सायेब... डोळ्यानं दिसत न्हाई तिला. दार वाजलं की कोन हाय इचारत न्हाई. नुस्तं म्हनती, ये बाबा, आत ये..."