बधिर अंगठा

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट चोरीची आहे, पण चोराआधी एका अंगठ्याकडे लक्ष ठेवा. उलगडा शेवटी करीनच. तोवर तुम्ही ओळखा.

फौजदारबाई घरात शिरल्या तशी सून दारातच म्हणाली, "हिला आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

'ही' म्हणजे नर्स. आप्पांच्या खाटेशी उभी होती. आप्पा म्हणजे सुनेचे सासरे. अर्धांगाने त्यांची वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. फोन मात्र अजून उजव्या अंगठ्याच्या ठशानेच उघडायचा.

"झालं काय?"

"आप्पांचा फंड काल कुणीतरी विकला. पैसे भलत्याच खात्यात गेले. त्यांच्या उपचाराचे होते हो ते!"

फौजदारबाईंनी आप्पांच्या फोनवर आलेला विक्रीचा निरोप वाचला आणि फोन खिशात टाकला. खातं कुणाचं, हे बँक सावकाश कळवणार होती. नर्सच्या कपाळी शिक्का मात्र आजच बसणार होता.

"फंड किती होते?"

"दोन. दोन्हींत त्याच मोठ्या कंपन्या. आप्पा म्हणायचे, नदी एकच, घाट दोन. एक साधा फंड. दिवसभरात केव्हाही विकायला सांगा, बाजार मिटल्यावर जो एकच भाव ठरेल तोच मिळणार. दुसरा बाजारातला, ईटीएफ. तो मंडईतल्या भाजीसारखा. घडीघडीला भाव हलतो, गिऱ्हाईक मिळेल त्या क्षणाचा भाव आपला. खर्च कमी, पण दलाली वेगळी."

"कोणता गेला, ते कुणाला सांगितलंत?"

"नाही. नणंदेच्या यजमानांना, जावईबापूंना, फोनवर एवढंच म्हटलं, काल फंड विकला गेला."

"आता तोंडाला कुलूप."

मग नर्सची पाळी.

"फंड कोणता विकला?"

"फंड म्हणजे पगारातून कापतात तो ना, बाई? माझा कुणी कापतच नाही."

फौजदारबाईंना हसू आलं नाही. हल्ली अशा घरांत त्यांना काहीच वाटत नसे.

"काल आप्पांना सोडून गेली होतीस?"

"सकाळी, औषधं आणायला. आप्पा गुंगीत होते. जावईबापू बसले होते."

तेवढ्यात जावईबापू आले. आल्या आल्या नर्सकडे बघून म्हणाले, "सापाला दूध पाजलंत, वहिनी!"

"तुम्हाला फंडातलं कळतं?" फौजदारबाईंनी विचारलं.

"कळतं? अहो, या दोन्हींतला फरक आप्पांना शिकवला कोणी? मीच!"

"मोठं नुकसान झालं म्हणायचं."

"झालं खरं. पण त्यातल्या त्यात नशीब, सकाळच्या भावात गेला. दुपारी बाजार आपटला. तेव्हा विकला असता तर आणखी फटका."



"साधा फंड सकाळी विकला काय नि दुपारी विकला काय," फौजदारबाई सावकाश म्हणाल्या, "भाव संध्याकाळचाच. दुपारच्या पडझडीतून तो सुटत नाही. सकाळचा भाव मिळतो फक्त बाजारातल्या फंडाला. गेला तोच. पण कोणता गेला, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. किती वाजता गेला, हेही नाही. सकाळी नर्स बाहेर, आप्पा गुंगीत, उशाशी तुम्ही. फोन उघडायला अंगठा लागतो. तो तुम्ही उचललात आणि टेकवलात."

जावईबापूंनी सुनेकडे पाहिलं. सून भिंतीकडे बघत होती.

"त्या हाताला काही कळत नाही," ते हळूच म्हणाले. "मी आधी दाबून पाहिला होता."

फौजदारबाईंना राग आला नाही, दयाही नाही. "चला," एवढंच त्या म्हणाल्या.

सून माफी मागायला नर्सकडे वळली. नर्सने वाट पाहिली नाही. ती खाटेवर बसली आणि रोजच्यासारखा आप्पांचा अंगठा दाबला.

"कळतंय का, आप्पा?"

आप्पांनी डोळ्यांनीच 'नाही' म्हटलं.

तिने पुन्हा दाबला.

बाबांनो, तोच अंगठा दोघांनी दाबला. एकाने कळत नाही याची खात्री करायला, दुसरीने कधीतरी कळेल या आशेने. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या नर्सची तेवढी आठवण ठेवा.