उत्तराची घंटी

त्या मंगळवारी सकाळी हार्टविग नेहमीसारखा कॉफीत पाव बुडवत बसला होता, तेव्हा आईची तार आली. ‘तळ्यावरचं बर्फ फुटलं. योस्ट गेला. ये.’

त्यानं तार घडी करून बशीखाली ठेवली. गाडी पाचला होती. बॅग भरून झाली, तरी त्याला घरात बसवेना. मग आठवलं, प्रयोगशाळेतल्या बॅटऱ्यांच्या जस्ताच्या कांड्या काल आम्लातच राहिल्या. बाहेर काढल्या नाहीत तर झिजून जातील. तेवढ्यासाठी तो तीन वाजता लाइपझिगच्या विद्यापीठात गेला.

आवाज ऐकल्यापासून बोट हलेपर्यंत मनाला किती वेळ लागतो, हे दोघे भाऊ तिथं तीन वर्षं मोजत होते. हार्टविग यंत्रापाशी आणि धाकटा योस्ट बोळापलीकडच्या बंद खोलीत. एकमेकांचा चेहरा दिसला तरी आकडे बिघडतात, म्हणून मधे फक्त वायरी. हार्टविगनं गोळी फळीवर टाकली की तिकडं हातोडी वाजायची आणि इकडं घड्याळाचा काटा सुटायचा. योस्टनं दाबून धरलेली कळ सोडली की काटा थांबायचा. सेकंदाच्या हजार भागांतले एकशे सव्वीस, हा योस्टचा आकडा. इतका झटपट तिथं दुसरा कुणी नव्हता.

“दादा, तुझे एकशे नव्वद,” तो चिडवायचा. “तुझ्याआधी आपली गाय उठते!”

दमला की योस्ट दोनदा घंटी वाजवी. हार्टविगनं एकदा घंटी वाजवून उत्तर दिल्याशिवाय योस्टनं जागेवरून उठायचं नाही, असा नियम होता. “एखाद्या दिवशी विसरशील बघ,” योस्ट म्हणायचा, “आणि मी तिथंच म्हातारा होईन.”

बोळात रखवालदार ट्रॉइच राख भरत होता.

“आज एकटेच, डॉक्टरसाहेब? धाकटे कुठं?”

“गावी,” हार्टविग म्हणाला.

“तरीच. शुक्रवारपासून त्यांच्या खोलीला कुलूप घातलंय मी. शेगडीही पेटवली नाही. उगाच कोळसा कशाला?”

कांड्या काढण्याआधी बॅटरीत जोर किती उरलाय ते पाहायला हार्टविगनं सवयीनं गोळी सोडली. टक्. काटा सुटला. पलीकडं कुणी नव्हतं, तेव्हा तो फिरतच राहायला हवा होता.

तो थांबला. एकशे सव्वीसवर.

त्यानं वायरी चाचपल्या. पुन्हा गोळी सोडली. एकशे सत्तावीस. कोट न काढताच त्यानं वही ओढली. बसला, उठला, पुन्हा बसला. एकशे चाळीस. एकशे साठ. दोनशे दहा… मागच्या जानेवारीत योस्टनं बर्फाच्या बादलीत हात बुडवून बोटं गारठवली होती, तेव्हा आकडे असेच चढले होते. हात बाहेर काढल्यावर ते उतरले होते. आज उतरेनात.

तो बोळात धावला. “ट्रॉइच, किल्ली…”

दार उघडलं. आत अंधार, रिकामी खुर्ची, गार राखेचा वास. आणि तळ्यातल्या चिखलाचा. टेबलावरची कळ खाली दबलेली होती.

“हिच्यावर काही ठेवलंय का हो?” ट्रॉइच कुजबुजला.

कळीवर काहीच नव्हतं. हार्टविगनं हात पुढं केला, आणि मागं घेतला.

तो यंत्रापाशी परतला, तोच घंटी वाजली. एकदा… आणि जरा थांबून, पुन्हा एकदा.

उत्तराचं बटण त्याच्या हाताशी होतं. एकदा दाबलं की योस्ट उठायला मोकळा. तो बोट टेकवून बसून राहिला. पाचची गाडी गेली. आठच्या गाडीनं तो आईकडे गेला, भावाला माती दिली आणि परत आला.

त्या बॅटऱ्यांत आता तो दर सोमवारी नव्या कांड्या घालतो. ट्रॉइचला पलीकडच्या खोलीत रोज शेगडी पेटवायला सांगितलं आहे.

उत्तराची घंटी त्यानं अजून वाजवलेली नाही.