दोघांत एक पक्कड

अमृता धापा टाकत बद्रीनाथशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली, तेव्हा तिची पक्कड दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात होती.

म्हणजे तशी ती अजून तिची झाली नव्हती म्हणा! पण सगळ्या औरंगपुऱ्यात वाकड्या तोंडाची रिंग पक्कड ठेवणारे बद्रीनाथशेठ एकटेच, आणि त्यांच्याकडेही आता एकच उरली आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरची जुनी पक्कड सकाळी ऐन कामात मोडली होती. तिचे तुकडे ओढणीत गुंडाळून अमृता गल्लीबोळांतून पळत आली होती... आणि इथं हा कोण उंचापुरा पोरगा, खाकी जॅकेटातला, तीच पक्कड हातात घेऊन खेळण्यासारखी उघडझाप करत उभा!

"शेठ, ही मला पाहिजे," ती म्हणाली.

"यांनी आधी मागितली ना ताई," शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले. "नवा माल यायला येळ हाय. तुम्ही दोघं काय ते ठरवा. फक्त माझ्या गल्ल्यासमोर भांडू नका."

अमृता त्या पोराकडे वळली. "तुमचं गाड्यांच्या सीटांचं काम हाय का?"

"नाय."

"सोफ्यांचं?"

"नाय."

"मग ही कशाला लागते तुम्हाला?"

त्यानं कान खाजवला. "पिंजरा बांधायचाय. कोंबड्यांचा."

अमृताला आधी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ राग. ही पक्कड म्हणजे सीटवाल्याचा उजवा हात. तिच्या तोंडात दोन्हीकडं खाच असते. खाचेत तारेची उघडी रिंग बसवायची, रेक्झिनची कड ओढून सांगाड्याच्या तारेवर आणायची आणि मूठ आवळायची. रिंग मिटते, आणि कड तारेला धरून राहते ती सीट फाटेपर्यंत. एवढ्या इमानी अवजाराच्या नशिबी कोंबड्या?

"कोंबड्यांना काय, साध्या तारेनं बांधा की जाळी!"

"बांधली होती," तो म्हणाला. "तार सुटली. मुंगूस शिरलं. पहिली पिल्लं एका रात्रीत गेली माझी."

हे त्यानं इतक्या हळू सांगितलं की अमृताचा राग ओसरला. पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि परवडणारंही नव्हतं.

"माझं दुकान जाईल," ती म्हणाली. "कडुबा सीट मेकर्स, मागच्याच गल्लीत. बाबांचा अंगठा निकामी झालाय, मूठ आवळत नाय. दुकान आता सत्यमला देणार म्हणतात, माझ्या चुलतभावाला. तो तिथं मोबाईलची कव्हरं विकणार. मी म्हणलं, मी चालवते. तर म्हणाले, वैजापूरच्या सर्जेरावांच्या मिनीबसच्या सगळ्या सीटा तू कर. बाहेरच्या कुणाचा हात नाय लागला पाहिजे. झाल्या, तर दुकान तुझं."

"आणि नाय झाल्या तर?"

"होणार म्हणलं ना!"

तो हसला. खरं सांगायचं तर छान हसला, पण अमृतानं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"असं करू," तो म्हणाला. "दिवसा तुम्ही वापरा. माझं काम अंधार पडल्यावर बल्ब लावून चालतं. मी दौलताबादहून दोन्ही टाइम दूध घालायला शहरात येतो. संध्याकाळी घेऊन जाईन, सकाळी आणून देईन. चालंल?"

"आणि सकाळी आलाच नाय तर?"

"पळायचंच असतं तर आत्ताच पळालो असतो. पक्कड माझ्या हातात हाय." त्यानं ती तिच्यासमोर धरली, मुठीकडून. "धम्मपाल नाव माझं."

असं ते ठरलं. बद्रीनाथशेठनी कुणाच्या नावानं पावती फाडू म्हणून विचारलं, तेव्हा दोघं एकदमच "यांच्या" म्हणाले.

पौषातली थंडी होती. धम्मपाल सकाळी मोटारसायकलला दुधाच्या कॅन लटकावून गल्लीत यायचा. दारातूनच "जयभीम काका" म्हणायचा आणि जॅकेटाच्या आतल्या खिशातून पक्कड काढून द्यायचा. पहिल्या दिवशी अमृतानं ती हातात घेतली आणि दचकली. लोखंड चक्क ऊबदार होतं.

"गार लोखंड सकाळचं चावतं हाताला," तो म्हणाला. "म्हणून आत ठेवली."

"कोंबड्यांना बी अशाच खिशात ठेवता का?"

"त्या मावत नाय. नाय तर ठेवल्या असत्या."

अमृता वळली आणि उगाचच रिंगांचा डबा शोधू लागली. डबा समोरच होता.

सर्जेरावांची मिनीबस त्या गल्लीत शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून सीटा काढून टेम्पोनं आणल्या होत्या. त्या एकमेकींवर रचून ठेवल्यानं दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अमृता एकेक खाली घ्यायची, जुनं रेक्झिन उसवायची, नवं मरून रंगाचं चढवायची. तिचे बाबा, कडुबा, दारातल्या स्टुलावर बसून नुसते बघायचे. चांगलं म्हणायचे नाहीत, वाईटही म्हणायचे नाहीत. जन्मभर मूठ आवळून त्यांचा अंगठा गेला होता, आणि पोरीच्या अंगठ्याचंही तसंच होईल, ही धास्ती त्यांना होती. पण ते बोलून दाखवतील तर ते कडुबा कसले!

संध्याकाळी मोटारसायकलचा आवाज आला की अमृताचा हात हटकून केसांकडं जायचा.

"काय म्हणतंय तुमचं लेडीज होस्टेल?"

"भिंती उभ्या झाल्या. दार राह्यलंय."

"वॉर्डन कडक हाय ना पण?"

"लई. पण सीटवाल्या बाईंएवढा नाय."

आतून अमृताची आई, कडूबाई, चहा घेऊन यायची. धम्मपाल तो एवढा सावकाश प्यायचा की वर साय धरायची. एकदा तो गेल्यावर कडूबाई म्हणाली, "एक पक्कड न्यायला येतो, पण बसतो असा की जशी पूर्ण बसच न्यायचीय." कडुबांनी ऐकलं नाही असं दाखवलं. अमृताच्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

मग बद्रीनाथशेठचा नवा माल आला.

अमृताला कळलं ते शेठनी रस्त्यात हाक मारून सांगितलं म्हणून. "ताई, आली बरं का पक्कड! घेऊन जा तुमची."

"हो हो, येते ना," असं म्हणून अमृता जी निघाली ती थेट घरी. दुसऱ्या दिवसापासून तिनं तो रस्ताच सोडला. लांबून, मंडईकडून जाऊ लागली. स्वतःला सांगितलं, आहे ती पक्कड चांगली चालतेय, उगाच दुसरी कशाला? ही पक्कड रोज सकाळ-संध्याकाळ धम्मपालला घेऊन येते, हे तर कारण नाही ना, असं मनानं विचारलं. तर तिनं मनालाही गप्प बसवलं.

पण मन काही गप्प बसेना. आणि एका सकाळी पक्कड हातात घेतल्यावर तिला खाचेत काहीतरी दिसलं. मरून धागा! काल शेवटची रिंग दाबताना रेक्झिनच्या शिवणीतला अडकला असणार. इवलासा, पण खाचेत बसलेला. या खाचेत एक रिंग जरी बसवली असती, तर तो धागा राहिला नसता.

तिनं धागा तसाच राहू दिला, दिवसभर नुसतं उसवायचं काम केलं. संध्याकाळी पक्कड धाग्यासकट परत दिली. दुसऱ्या सकाळी ती आली. ऊबदार, आणि धागा तिथंच.

"पिंजरा कुठवर आला?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चालू हाय... दार राह्यलंय."

"दार त्या दिवशी बी राह्यलं होतं."

"मोठं दार हाय."

"किल्ल्याचं बसवू राहिले का कोंबड्यांना?" अमृतानं पक्कड त्याच्या डोळ्यांसमोर धरली. "हा धागा बघा. परवाचा हाय. खाचेतनं हलला पण नाय. ताकाला जाऊन भांडं लपवायचं असलं ना धम्मपाल, तर भांडं नीट धुवून तरी आणावं!"

तो लाल झाला. थंडीतसुद्धा त्याच्या कपाळावर घाम आला. स्टुलावर कडुबा नव्हते, ते दवाखान्यात गेले होते. हे नशीबच.

"झाला पिंजरा," तो पुटपुटला.

"कधी?"

"झाले बरेच दिवस."

"मग रोज न्यायची कशाला?"

"सकाळी परत आणून द्यायला."

गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला, शेजारच्या मशीनची सुई थांबली, पुन्हा सुरू झाली... आणि अमृताला एवढंच कळत होतं की आपल्याला हा माणूस आवडतो. थोडाथोडका नाही, चांगलाच आवडतो. पण तिच्या पाठीमागं अर्ध्या उघड्या सीटांची रास होती.

"आधी गाडी होऊ दे," ती म्हणाली. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. "माझ्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते. दुकान हातचं गेलं, तर मला दुसरं कुठलंच सुख गोड लागणार नाय."

"आणि गाडी झाल्यावर?"

"बघू."

"बघू म्हणजे व्हय का नाय?"

"बघू म्हणजे बघू. आणि उद्यापासून पक्कड इथंच राहील." त्याचा चेहरा पडला. ती घाईनं म्हणाली, "चहा प्यायला यायला पक्कड लागत नाय."

शनिवारी सगळ्या सीटा झाल्या. राहिली एक, गाडीच्या मागच्या बाजूची, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध अशी लांब सीट. पौष सरला होता, आणि रविवारी सर्जेरावांच्या पुतण्याचं वऱ्हाड त्याच गाडीनं निघणार होतं.

अमृता दुपारपासून त्या सीटला भिडली होती. गुडघा फोममध्ये रोवायची, डाव्या हातानं कड ओढायची आणि उजव्या हातानं पक्कड लावायची. कड तारेपर्यंत यायची, पण मूठ आवळताना डावा हात सैल पडायचा. रिंग नुसत्या कापडाला मिटायची आणि कड सुटून मागं जायची. तिनं पट्टा बांधून पाहिला, वजन ठेवून पाहिलं, दातांत धरूनही पाहिलं. बोटांची सालं निघाली. पुन्हा रिंग कापली, पुन्हा ओढली.

संध्याकाळी धम्मपाल रिकाम्या कॅन घेऊन आला आणि दारातच थबकला.

"मी ओढू?"

"नाय!" ती मान वर न करता म्हणाली. "बाहेरचा हात नाय लावायचा. माझी मी करणार." कड पुन्हा सुटली. तिनं डोळे बाहीनं पुसले आणि पुन्हा गुडघा रोवला.

"बास!" आतून कडूबाई ओरडली. पदर खोचून ती बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "अहो, सांगा तिला खरं काय ते. लांब सीट या घरात कुणी एकट्यानं केलीय का कधी? मामंजी करायचे तेव्हा कड सासूबाई ओढायच्या. तुमची मी ओढली, हे मनगट जाईस्तोवर. आणि पोरीनं मात्र एकटीनं करायची व्हय?"

कडुबांनी आपल्या वाकड्या अंगठ्याकडे पाहिलं.

"एकटीनं कर असं नव्हतं म्हणलं मी," ते म्हणाले. "बाहेरचा हात नको म्हणलं. ओढणाऱ्याची बोटं पक्कडीच्या तोंडाशी असतात. दाबणाऱ्याचा हात जरा चुकला की बोट गेलं. परक्याची बोटं मागायची नसतात, पोरी. म्हणून लांब सीटला ओढणारं माणूस घरचंच लागतं. तुझ्या आईचं मनगट गेलं. माझ्या हाताला जोर नाय. आता ओढायला घरात कोण हाय, सांग बरं?"

धम्मपालनं कॅन खाली ठेवल्या.

अमृता उठून उभी राहिली. तिच्या कपाळाला फोमचा भुसा चिकटला होता आणि केस सुटले होते.

"धम्मपाल, इकडं ये."

तो आला.

"बाबा काय म्हणाले, ऐकलंस ना? इथं घरचंच माणूस ओढतं."

"ऐकलं."

"मग विचार करून धर. नुसती मदत करायची असंल, तर राहू दे. मी रात्रभर झगडंन, पण तशी नको. एकदा धरलंस, की मग सोडायचं नाय. सीट झाल्यावर पण नाय."

धम्मपालनं जॅकेट काढलं, बाह्या सारल्या आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "कुठं धरू?"

"विचार नाय केलास?"

"तो कधीच करून झालाय. तू गाडी होऊ दे म्हणलीस, म्हणून थांबलो."

स्टुलावरून कडुबांचा आवाज आला, "अमृता, हा घरचा हाय का?"

अमृतानं पक्कडीच्या खाचेत रिंग बसवली.

"होईल बाबा," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणलात, तर आत्तापासूनच हाय."

कडूबाईनं पदर तोंडाला लावला. कडुबा स्टुलावरून उठले, गुडघे धरत जवळ आले आणि धम्मपालच्या हातांवर वाकले.

"अशी नाय धरायची," ते म्हणाले. "बोटं आडवी ठेव. नखं आत घे. आणि तिच्या हाताकडं बघू नको, कडेकडं बघ. तिचा हात चुकत नाय. मी रोज बघतोय."

धम्मपालनं बोटं आडवी केली आणि सगळा जोर लावून ओढलं. कड सरकत तारेवर आली आणि तिथंच ठरली. अमृतानं मूठ आवळली. रिंग मिटली, कापड, तार, सगळं एकत्र घेऊन.

कडुबांनी त्या रिंगेवरून अंगठा फिरवला. मग ते बायकोकडे वळले. "सत्यमला फोन लाव. दुकान रिकामं होत नाय म्हणावं."

"आणि दौलताबादला?" कडूबाईनं विचारलं. "यांच्या घरी कोण कळवणार?"

"तिथं उद्या वऱ्हाड गेल्यावर आपण जाऊ," कडुबा म्हणाले. "आधी सीट होऊ दे."

धम्मपाल हसायला लागला, आणि कड सुटता सुटता राहिली.

"ए, धर!" अमृता ओरडली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. तिनं पुढची रिंग बसवली. "ओढ."