शिक्केकाकांचं टिपाड

ही गोष्ट कोणालाही खरी वाटणार नाही. लावा पैज! एक तर ती गमबुटांची आहे, आणि त्यातून ती घडली गप्पीच्या बाबतीत. गप्पी म्हणजे अकरा वर्षं, दोन वेण्या आणि दिवसाला सरासरी सात थापा. सुट्टीला मावशीकडे आल्याच दिवशी तिने मावशी माशांची पिल्लं वाढवायला जाते त्या मत्स्यबीज केंद्राच्या मॅनेजरबाईंना बर्फाच्या खोलीत मगर शिरल्याची बातमी दिली होती. बाई बिचाऱ्या काठी घेऊन गेल्याही होत्या!

तर सुट्टीचा चौथा दिवस. मावशी कामावरून आली, पायरीवर टेकली आणि मांडीपर्यंतचा आपला गमबूट तिने उलटा केला. भळाभळा पाणी सांडलं. पाण्यामागून करंगळीएवढा एक मासा सांडला.

"अगं बाई, बोटुकली!" मावशीने त्या पिल्लाला ओंजळीत उचललं आणि बादलीत सोडलं.

"आई, बूट नवा आहे ना?" टेपने विचारलं. टेप हा मावशीचा मुलगा. खिशात मोजपट्टी असल्याशिवाय तो झोपतही नसे.

"चार दिवसांचा. आणि हा तिसरा जोड." मावशी पाय चोळू लागली. भिजून भिजून पाय पांढरेफटक पडले होते. "मॅनेजरबाई म्हणाल्या, तीन जोड फाडलेत, आता चौथा मिळायचा नाही. बुटाशिवाय नदीत उतरायचं नाही, हा नियम. म्हणजे सोमवारपासून मी पॅकिंगच्या खोलीत."

"मग बोटुकल्यांना खायला कोण घालणार?" टेपची धाकटी बहीण चिमणी कळवळली.

"घालेल कोणीतरी. अंड्यातून आल्यापासून माझ्या हातचं खातायत, एवढंच." असं म्हणून मावशी आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

गप्पीने टेपकडे पाहिलं. टेपने मोजपट्टी काढली.

तिन्ही जोड अंगणात मांडले गेले. सहाही बुटांना गुडघ्याशी केसासारखी बारीक भेग होती; गुडघा वाकला की ती करंगळी जाईल एवढी उघडायची. टेपने टाचेपासून मापं घेतली. "एक्केचाळीस सेंटिमीटर. एक्केचाळीस. हाही एक्केचाळीस! सगळे एकाच रेषेत!"

"मावशी काय मोजपट्टी लावून बूट फाडते?" गप्पी म्हणाली.

"इथे घडी पडलेली दिसते. दुमडून ठेवले असणार, वर्षानुवर्षं. रबर घडीवरच तडकलंय. म्हणजे हे आधीपासून फुटकेच होते!"

"पण हे बघा ना!" चिमणीने एका बुटाचा तळवा वर केला. तिथे निळा गोल शिक्का होता : 'पाण्यात तपासले. गळत नाही.'

शिक्का मारणाऱ्या गृहस्थांना सगळे शिक्केकाका म्हणत. नवा बूट आला की तो पाण्यात उभा करायचा, आत ओल येते का पाहायचं आणि शिक्का ठोकायचा, हे त्यांचं काम. त्यातलं ठोकण्याचं काम ते फार मनापासून करत. एकदा हाताच्या ओघात त्यांनी स्वतःच्या जेवणाच्या डब्यालाही 'गळत नाही' करून टाकलं होतं. डब्यातली आमटी मात्र गळत होती!

दुसऱ्या दिवशी काका चहाला गेले आणि तिघं त्यांच्या खोलीत शिरली. कोपऱ्यात पत्र्याचं टिपाड उभं होतं. गप्पीने पाइप लावून नळ सोडला. पाणी चढलं, चढलं आणि मध्येच थांबलं. नळ वाहतोय, पाणी मात्र तिथल्या तिथे!

"जातंय कुठे?" टेप वाकून बघू लागला.

"माझ्या चपलेत!" चिमणी ओरडली.

टिपाडाच्या मागच्या बाजूला चांगलं अंगठा जाईल एवढं भोक होतं. त्यातून धार लागली होती. टेपने बाहेरून माप घेतलं. "बत्तीस! पाणी बत्तीसला थांबतं आणि भेग एक्केचाळीसला! गळती शोधायचं टिपाड स्वतःच गळतंय!"

"काय चाललंय रे?" दारात शिक्केकाका उभे होते. त्यांनी झटकन नळ बंद केला. "चला, निघा! हे काय खेळायचं ठिकाण आहे?"

"आम्ही मॅनेजरबाईंना सांगणार!" चिमणीने सांगून टाकलं. गप्पीने तिला चिमटा काढला, पण चिमटा जरा उशिराच पोचला.

मॅनेजरबाईंना पटवायला अर्धा तास गेला. "मगरीसारखंच ना हे?" असं त्यांनी तीनदा विचारलं. शेवटी त्या निघाल्या, मावशीलाही बरोबर घेतलं. खोलीत येऊन पाहतात, तर कोपरा रिकामा! फरशीवर एक ओला गोल तेवढा उरला होता.

"टिपाड? जुनं झालं होतं, भंगारवाल्याला दिलं आत्ताच," शिक्केकाका शांतपणे म्हणाले.

"त्याला भोक होतं म्हणे?"

"भोक? छे हो! काठोकाठ भरत होतो मी रोज. या बाई गुडघे टेकून काम करतात, दगडांवर बूट घासतात. फाटणारच."

"टेपने माप घेतलंय!" चिमणी म्हणाली.

"टिपाडच नाही, तर माप कशाचं?" मॅनेजरबाईंनी सुस्कारा सोडला. "नवे बूटही सगळे वाटून झालेत. मी तरी काय तपासू? सोमवारपासून पॅकिंगला या तुम्ही."



तेवढ्यात गप्पीने मोठ्याने हुंदका दिला. "काका खरं सांगतायत, बाई! टिपाड काठोकाठ भरलेलं होतं. मी आत वाकून बघत होते, ती पडले ना डोक्यावर! नाकातोंडात पाणी गेलं. टेपने वेणी धरून ओढलं म्हणून वाचले!"

टेपने आ वासला. तिच्या वेण्या कोरड्या ठणठणीत होत्या, पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"काय? एवढं पाणी भरून टिपाड उघडं ठेवलंत? लहान मूल बुडालं असतं! कोणाच्या हलगर्जीपणाने? मी आत्ताच्या आत्ता वर कळवते, शिक्केकाका! तुमची नोकरी..."

"अहो बाई, ही थाप मारतेय!" काका ओरडले. "साफ थाप! त्यात बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही! दोन वर्षांपासून त्या भोकाच्या वर पाण्याचा थेंब चढलेला नाही!"



"कुठल्या भोकाच्या?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

शिक्केकाकांनी जीभ चावली. बाईंनी टेबलावरचा शिक्का उचलून आपल्या पर्समध्ये टाकला आणि मावशीकडे वळल्या. "सोमवारी नदीवरच या. तुमचा चौथा जोड मागवून मी स्वतः तपासून देईन, मांडीपर्यंत! आणि पोरांनो, शाबास! भेग शोधलीत, भोकही शोधलंत." मग त्यांनी गप्पीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू मात्र बुडालीबिडाली नव्हतीस हं! थापाडी कुठली!"