चरकीचा दांडा

ट्यूबलाइट दुरुस्त करणारा माणूस दोन दिवसांपासून नुसता "येतोच" म्हणत होता. त्यामुळे अमरावतीच्या इतिहास मंडळाच्या दारात खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन एक उंच मुलगा उभा राहिला, तेव्हा मंडळाचं काम पाहणाऱ्या गीतांजलीने त्याच्याकडे धड पाहिलंही नाही.

"ती कोपऱ्यातली ट्यूब. टेबल घ्या, पण काचेच्या पेटीवर पाय नका देऊ!"

त्याने निमूट ओझं खाली ठेवलं, टेबलावर चढला, काहीतरी खाटखूट केलं. लख्ख उजेड पडला. मग खाली उतरून हात झटकत म्हणाला, "आता माह्या चरकीचं पाहू काय जी?"

"चरकी?"

"कापसाची. प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू आणा म्हणून मंडळानंच सांगतलं न... मी अनुप. बार्शीटाकळीहून आलो."

गीतांजलीचे कान तापले. "मंग पहिलेच काहून नाई सांगतलं?"

"तुमी बोलू देल्लं कुठं?" तो हसला, आणि हसताना त्याचा एक डोळा जरा जास्तच बारीक झाला. हे तिने का पाहिलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

चरकी त्याच्या पणजीची होती. एकमेकींना चिकटून फिरणाऱ्या दोन गोल लाट्या, बाजूला फिरवायचा लाकडी दांडा. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने लाट्यांमध्ये कापूस द्यायचा; पलीकडून रुई निघते, अलीकडे सरकी गळते. एकट्याचं ते कामच नाही. मंडळाचे अध्यक्ष खुशालराव म्हणाले, "दर रविवारी लोकांना चालवून दाखवा." अनुप म्हणाला, "मी येईन." कापूस द्यायला कोण? गीतांजली!

"मी वरुडची आहो," तिने सांगून पाहिलं. "मले संत्र्यातलं विचारा."

"संत्री आणत जा. कापूस मी शिकवतो."

आणि तो खरंच दर रविवारी येऊ लागला. पहाटे घर सोडायचं, अकोल्याला गाडी पकडायची, बडनेऱ्याला उतरायचं. तो दांडा फिरवायचा, ती कापूस द्यायची. एकदा तिच्या केसांत अडकलेली रुई त्याने अलगद काढली... आणि फेकायची सोडून खिशात ठेवली! आता याचा अर्थ काय लावायचा? घरी जाऊन ती आरशापुढे किती वेळ नुसती उभी राहिली. तो चरकीसाठी येतो, की...? विचारावं, तर तो म्हणायचा, "लाडाची चरकी आहे, बाप्पा. दुसऱ्याच्या हाती नाई देत मी."

चरकीसाठीच येतो म्हणजे. झालं.

पण थंडी वाढली, आणि एका रविवारी तो खोकत आला. गीतांजलीचा जीव कळवळला. तिने आठवडाभर आकांक्षा नावाच्या कॉलेजातल्या मुलीला हाताशी धरून दांडा फिरवायला शिकवलं, आणि पुढच्या रविवारी मोठ्या प्रेमाने त्याला सांगितलं, "आता आमाले जमते. तुमाले येवाची गरज नाई."

तिला वाटलं होतं, तो खूश होईल. त्याचं तोंड मात्र उतरलं. "बरं," एवढंच म्हणून तो गेला. तिने दिलेली संत्रीसुद्धा टेबलावरच राहिली. आपलं काय चुकलं, हे गीतांजलीला काही केल्या समजेना. ती त्या संत्र्यांवरच रागावली.

पुढचा रविवार प्रदर्शनाचा शेवटचा. दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या वस्तू परत जाणार. चरकी गेली की अनुपला अमरावतीला यायला निमित्तच उरणार नव्हतं. सकाळीच एका शाळेची पोरं दाटीवाटीने चरकीभोवती बसली, आकांक्षाने बाह्या सरसावल्या... आणि पाहते तर काय, दांडाच नाही! खुशालरावांनी आकाशपाताळ एक केलं. "वस्तू सांभाळता येत नाई, अन् इतिहास सांभाळाले निघाले!"

रडकुंडीला आलेल्या गीतांजलीने अनुपला फोन लावला.

"दांडा न? आहे माह्यापाशी. बडनेऱ्याले उतरलो, आलोच."

तो आला, तेव्हा ती फाटकातच उभी होती. टॉवेलात गुंडाळलेला दांडा त्याच्या काखेत.

"तुमी चोरला?"

"मागच्या रविवारी जाताना काढून नेला. माह्याच घरचा, चोरी कशी?"

"पण काहून? किती घाबरलो आमी!"

"तुमी म्हणलं, गरज नाई. मंग मले गरज पाडा लागली." तो खाली पाहू लागला. "आठ दिवस मले काई सुचलं नाई, गीतांजली. वाटलं, तुमाले माहा कंटाळा आला."

"कंटाळा?" तिचा आवाज चढला. "तुमी खोकून राहिले होते! थंडीत येवाचा तरास वाचावा म्हून मी... अन् तुमी तर चरकीसाठी येत होते न?"

"चरकी तर घरीच होती इतकी वर्षं. तिच्यासाठी अमरावतीले येवाची काय गरज होती?"

गीतांजलीला महिनाभर पडलेलं कोडं हे एवढंसं होतं? तिला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच आलं. "मी तर तुमी येऊ नये म्हून... म्हणजे यावं, पण... काय म्हणून राहिली मी!"

"या म्हणा. बस."

"या," ती म्हणाली. "दर रविवारी या."

आतून खुशालराव ओरडले, "अनुपराव, चांगली वस्तू आहे. मंडळाले कायमची देऊन टाका न!"

"चरकी ठेवून घ्या, काका," अनुप तिच्याकडेच पाहत म्हणाला. "दांडा मातर मी आणत जाईन."